ओढत राहायचं, कमी करायचं की बंद? तीन पर्यायांचा हिशेब

कोथरूडला आमचं औषधांचं दुकान आहे आणि दोन शटर सोडून पानटपरी. त्यामुळे गिऱ्हाईक बरंचसं सामायिक. सिगारेट तिकडून, खोकल्याचं औषध इकडून. निकोटिनची च्युइंगगम विचारायला जे येतात, त्यातल्या बहुतेकांचं सोडायचं ठरलेलं नसतं, ठरत असतं. डोक्यात तीन पर्याय घोळत असतात: आहे तसं चालू ठेवायचं, ‘दिवसाला दोन-तीनवर आणायचं’, नाहीतर साफ बंद. सगळ्यांचा जीव अडकलेला असतो तो मधल्या पर्यायात. तिन्ही शेजारी मांडले की हा मधला पर्याय दिसतो तितका स्वस्त नाही, असं माझं मत आहे. पैशाच्या बाबतीत मात्र तो खरंच स्वस्त आहे, म्हणून सुरुवात तिथून.

पैसा

एक सिगारेट २० रुपयांना धरतो. ब्रँडप्रमाणे भाव वेगळा असेल आणि कर वाढला की तो वाढेल, तेव्हा आपापला आकडा घालून घ्या. (सुटी सिगारेट-बिडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. टपरीवर जाऊन सांगून बघा.) रोज १० ओढणाऱ्याचे महिन्याला ६,००० आणि वर्षाला ७३,००० रुपये जातात. तीनवर आणल्या तर वर्षाला २१,९००, म्हणजे ५१ हजार वाचले. बंद केल्या तर सगळेच वाचले. हेच महिन्याचे ६,००० रुपये ६.७ टक्क्यांच्या रिकरिंगमध्ये टाकले, तर पाच वर्षांत ३ लाख ६० हजार भरून ४ लाख २८ हजारांच्या आसपास हातात येतात.

शिवाय टपरीवर नुसती सिगारेट कोणी ओढत नाही. सोबत कटिंग असतो, नंतर घरी वास येऊ नये म्हणून पेपरमिंट असतं. हिंजवडीच्या आयटीवाल्याला लिफ्टने खाली उतरून, ओढून परत वर यायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. तो वेळ कुठल्याच हिशेबात दिसत नाही, पण संध्याकाळी उशिरा निघताना जाणवतो.

टर्म इन्शुरन्सला मात्र मधला पर्याय सपशेल आपटतो. दिवसाला दोन ओढणारा आणि वीस ओढणारा, दोघंही फॉर्मवर ‘स्मोकर’च. ‘थोडासा’ असा रकानाच नाही. हप्ता न ओढणाऱ्यापेक्षा चांगलाच चढा लागतो, आणि तो उतरवून घ्यायचा तर तंबाखू पूर्ण सुटून साधारण किमान वर्ष झालेलं असावं लागतं. लपवून भागत नाही. शरीरात निकोटिनचं कोटिनिन होतं, ते रक्तात किंवा लघवीत सापडतं, आणि खोटं लिहिल्यामुळे दावा अडला तर कंपनीच्या खेपा घालायला आपण नसतो, बायको असते.

हृदय आणि फुप्फुस

आता मुख्य मुद्दा. वीसवरून एकावर आलो म्हणजे धोका वीसपट कमी झाला, असं सगळ्यांना वाटतं. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. दिवसाला २० ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जितका जादा धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो, असं तिच्यात दिसलं. वाटणीने तो पाच टक्के यायला हवा होता. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला आणि रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या पेशींना बिथरायला फार धूर लागत नाही. थोड्याशा धुरानेच बराचसा परिणाम होऊन जातो, पुढच्या सिगारेटी त्यात त्या मानाने कमी भर घालतात. म्हणून तीनवर आणलेला माणूस खिशाच्या बाजूने जवळजवळ सुटतो आणि हृदयाच्या बाजूने निम्म्यातच अडकून राहतो.

फुप्फुसाच्या कर्करोगाचं गणित वेगळं आहे. तिथे संख्येला महत्त्व आहे, पण किती वर्षं ओढली त्याला त्याहून जास्त. ‘दोन-तीनच’ म्हणत पुढची पंधरा वर्षं ओढणं म्हणजे नेमकी वर्षंच वाढवत नेणं.

त्यात कमी करणारा माणूस ओढतो कसा, हे टपरीशी उभं राहून बघावं. दिवसाला दहावाला बोलता बोलता झुरके घेतो आणि निम्मी सिगारेट हातातच जळते. तीनवाला बोलत नाही. गाल आत जाईपर्यंत ओढतो, धूर छातीत धरतो, बोटांना चटका बसायला लागला की मग थोटूक टाकतो. शरीराला ठरलेलं निकोटिन हवं असतं आणि ते तीन सिगारेटींतून वसूल होतं. ‘लाइट’ घेणाऱ्याचंही हेच. त्या फिल्टरला बारीक भोकं असतात, हवा मिसळावी म्हणून. ओढणाऱ्याची बोटं किंवा ओठ बरोबर त्यावर येतात.

आयुष्याचा आकडा सांगितला की लोक विषय बदलतात, तरी सांगतो. ब्रिटनमध्ये डॉक्टरांवरच १९५१ ते २००१ अशी पन्नास वर्षं पाहणी झाली. सिगारेट चालू ठेवणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यातली साधारण तीन वर्षं परत मिळवली, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा, चाळिशीत नऊ, तिशीत जवळजवळ सगळी. आपल्याकडचा मोठा अभ्यास २००८ चा. त्यात सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांची साधारण दहा आणि बिडीवाल्यांची सहा वर्षं गेलेली दिसली. यावरून बिडीवर जायचा सल्ला एका काकांनी मला काउंटरवर दिला होता. सहा वर्षं म्हणजे त्यांना सवलत वाटली.

सोडल्यावर मिळतं काय

लगेच मिळणाऱ्या गोष्टीही आहेत. वीस मिनिटांत नाडी खाली येऊ लागते, एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर येतो. खोकला आणि दम लागणं कमी व्हायला महिना ते नऊ महिने लागतात. पर्वतीच्या पायऱ्या किंवा वेताळ टेकडीचा चढ ही त्याची फुकटातली चाचणी. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. म्हणजे ‘कमी करून’ जिथे जन्मभर थांबायचं, तिथे सोडणारा एका वर्षात पोचतो आणि पुढेही उतरतच राहतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्मा व्हायला मात्र दहाएक वर्षं लागतात.

सोडण्याचाही खर्च असतो

तो कोणी सांगत नाही आणि मग माणूस आठवड्यात परत टपरीवर दिसतो. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, झोप उडणं, कामात लक्ष न लागणं, हे सगळं दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. प्रत्येक तलफ काही मिनिटांचीच असते. वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. पँटचे माप बदलते, हे आधीच मान्य करून टाकावं.

आणि सकाळचा प्रश्न. पुरुष गिऱ्हाईक आजूबाजूला कोणी नाही बघून आवाज खाली आणून हाच विचारतो: ‘सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही हो.’ तक्रार खरी आहे. निकोटिन आतड्याला चालना देतं, ते थांबलं की काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकतो. रात्री इसबगोल, सकाळी गरम पाणी, जेवणात पालेभाजी-काकडी आणि थोडं चालणं, इतकं बहुतेकांना पुरतं. एवढ्या कारणासाठी रोज सकाळी धूर घेणं हा फारच महागडा जुलाब आहे.

चहाचंही बघा. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीन झपाट्याने निकाली काढतं. धूर थांबला की तेवढाच चहा-कॉफी अंगात जास्त वेळ राहते. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न येणं या सगळ्याचं खापर मग ‘सिगारेट सोडली म्हणून’ असं फुटतं. पहिले काही आठवडे कप निम्म्यावर आणा. टपरीची फेरीही आपोआप निम्मी होते.

सोडायचं तर कसं

हळूहळू की एकदम? इंग्लंडमध्ये सातशेच्या आसपास लोकांवर ही तुलना झाली, निकाल २०१६ मध्ये आला. दोन्ही गटांना पॅच (कातडीवर लावायची निकोटिनची पट्टी) आणि नर्सची मदत होती. सहा महिन्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी २२ टक्के टिकले होते, दोन आठवड्यांत कमी करत सोडणाऱ्यांपैकी १५.५ टक्के. तेव्हा तारीख ठरवा आणि त्या दिवशी बंद. कमी करत जायचंच असेल तर शेवटची तारीख आधी कॅलेंडरवर लिहा, नाहीतर तो मधलाच पर्याय झाला.

नुसत्या मनाच्या जोरावर सोडणाऱ्यांत सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच. यात कमकुवतपणा कोणाचाच नाही, निकोटिनची पकडच तशी. गम किंवा पॅच घेतला तर टिकण्याची शक्यता साधारण दीडपट होते, आणि पॅचच्या जोडीला गम असेल तर आणखी चांगली. २ मिलीग्रॅमची गम चिठ्ठीशिवाय मिळते, ४ ची डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ ची गरज असते.

गम फेल गेली म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण ती बबलगमसारखी चावत असतात, वर चहाही पीत असतात. हळू चावा. तोंडात तिखट झिणझिण्या आल्या की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा. चव गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी-सरबत नको, निकोटिन नीट शोषलं जात नाही. भराभर चावून रस गिळला तर उचकी आणि पोटात जळजळ, बाकी काही नाही.

व्हॅरेनिक्लिनची गोळी याहून जास्त गुणकारी आहे. ती सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करून सहसा बारा आठवडे घेतात. मळमळ आणि विचित्र स्वप्नं हे त्रास ओळखीचे. बुप्रोपिऑन दुसरी, पण फिट येणाऱ्यांना ती चालत नाही. दोन्ही डॉक्टरांकडूनच. फोनवर समुपदेशन हवं असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा फुकट क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो. सिगारेटबरोबर दारूही सोडायची असेल तर येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचंच काम करत आहे.

दोन आडवाटा बंद समजा. ई-सिगारेट विकणं आणि त्यांचा साठा करणं २०१९ पासून देशभर गुन्हा आहे. आणि सिगारेट सोडून तंबाखू मळायला लागणं, जे आपल्याकडे सर्रास होतं. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. त्यात व्यसन तेच राहतं आणि फुप्फुसाऐवजी तोंडाचा कर्करोग पदरात पडतो.

तारीख ठरवण्याआधी चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. दम्यासाठी थिओफिलिन, मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन घेणाऱ्यांमध्ये धूर थांबला की औषधाची रक्तातली पातळी वाढते आणि डोस कमी करावा लागू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर थोडे दिवस जास्त वेळा तपासावी. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) लवकर करून घ्यावा. गम घेताना हे काउंटरवर सांगितलं तरी चालेल, आम्ही विचारतोच.