इताचीच्या पायाशी गावकावळे : कमिशन फॅनआर्टचा रिव्ह्यू

दारव्ह्याकडचा एक पोट्टा कॅरेक्टर आर्ट काढून देते, ए-थ्री साईज, डिजिटल फाईल अन् प्रिंट मिळून बाराशे रुपये, अर्धे आधी फोनपे करायचे. मी नारुतो ह्या जपानी अ‍ॅनिमे (कार्टून) मालिकेतला इताची नावाचा निंजा काढून घेतला. चित्राचे पैसे वसूल आहेत, प्रिंटचे नाहीत, ते खाली सांगतो. अन् ज्यांचं नारुतो पाहणं अजून अर्धवट आहे त्यांनी पुढे वाचू नका, सगळा सस्पेन्स फुटते.

नेटवर इताची म्हटलं की तेच ते, लाल डोळे, मागं चंद्र, उडणारे काळेकुट्ट कावळे. ह्यानं कावळे ठेवले पण सगळे गावकावळे, राखाडी मानेचे. ग्रुपवर फोटो टाकला तर लगेच सुरू, "भाऊ कावळा चुकला, ओरिजिनलमधी पुरा काळा हाय". आहेच ना, जपानात दिसणारे कावळे पुरे काळेच असतात, पण पोट्ट्यानं हे मुद्दाम केलंय, कारण खाली कोपऱ्यात पळसाच्या पानाची पत्रावळ मांडलीय, भात-वडा वाढलेला, कावळे गोल बसलेत अन् एकही शिवत नाही. इताचीनं गावाच्या हुकमावरून आपलंच अख्खं उचिहा खानदान मारलं, मायबापासकट, फक्त धाकट्या सासुकेले सोडलं. आता त्या उचिहा लोकांचं पित्र घालायला उरलं कोण, एक मारणारा अन् एक लहानगा पोरगा. अन् आपल्याकडे कावळा शिवत नसला की घरातलं कोणीतरी पुढे होऊन हात जोडते, "लहान्याची चिंता नका करू, आम्ही पाहू त्याले", मग शिवते म्हणतात. इथं ते म्हणायला इताचीच उभा आहे! एवढ्या एका कोपऱ्यासाठी मी बाराशे दिले असते. (मायनं मात्र पाहिल्याबरोबर विचारलं, "पित्राचं ताट भिंतीवर काऊन लावलं रे?", त्यामुळे ते सध्या माझ्या खोलीत दाराच्या मागं आहे.)

सासुके चित्रात कुठंच नाही. इताचीची दोन बोटं सरळ आपल्याकडे आलीत, कपाळाला टेकायला, जसा तो लहान भावाला टिचकी देऊन नंतर कधीतरी म्हणून टाळायचा तसा. म्हंजे पाहणाराच सासुके. कमी काढून जास्त सांगितलंय त्यानं इथं. डोळ्यांचंही तसंच, डावा शारिंगान (उचिहा लोकांचा तो जादुई लाल डोळा) नीट लाल, तिन्ही तोमोए, म्हंजे आतले काळे थेंब, जागेवर, अन् उजवा धुरकट, दुधाळ. मांगेक्यो, म्हंजे शारिंगानचं वरचं रूप, वापरून वापरून इताचीची नजर जवळपास गेली होती हे बहुतेक फॅनआर्टवाले विसरतात, डोळे चमकवायच्या नादात. कपाळपट्टीवरची रेघ, गाव सोडलेल्या निंजाची खूण ती, ती मात्र बारीक काढली, मला थोडी खोल पाहिजे होती, सांगितलं तर म्हणे "दादा, त्यानं ते रागानं नाई मारली". बरं.

जिथं जमलं नाही ते म्हंजे अकात्सुकीचा, इताची ज्या टोळीत होता तिचा, झगा. त्यावरचे लाल ढग त्यानं पळसाच्या फुलांचे केलेत. दिसायला लय भारी, पण ते ढग म्हंजे लढायांच्या काळात अमेगाकुरे गावावर पडलेला रक्ताचा पाऊस, फुलं लावली की तो पाऊसच गेला, उरली नुसती सजावट. अन् पळस फुलते होळीच्या टायमाला, पित्र येते भादव्यात, एकाच चित्रात दोन्ही कसं? पत्रावळीचं पान भादव्यात हिरवंगार मिळते, ते बरोबर आहे, फुलं नाही. मी विचारलं तर सरळ म्हणे, "विदर्भाचं वाटाव म्हणून टाकलं". अरे पण कावळ्याच्या मानेनंच ते झालं होतं ना बाप्पा, पुन्हा वरून फुलं कायले.

आता प्रिंट. स्क्रीनवर जो लाल रक्तासारखा दिसते तो कागदावर विटकरी आला, कारण फाईल आरजीबीत, म्हंजे स्क्रीनच्या रंगांत होती अन् लग्नाचे बॅनर छापणाऱ्या दुकानात ती तशीच मशीनला लावली, सीएमवायकेत, म्हंजे छपाईच्या रंगांत करून रंग पाहिलाच नाही. वरून ग्लॉसी कागद, खोलीत ट्यूबलाईट लावली की इताचीच्या तोंडावर ट्यूबलाईटच दिसते. धुरकट डोळा अन् लाल डोळा दोन्ही जवळपास सारखेच मळकट झाले, म्हंजे ज्यात सगळी गंमत होती तेच गेलं. पोट्ट्याचा यात अर्धाच दोष, पण पैसे तो प्रिंटचेही घेते.

म्हणून ऑर्डर द्यायची असेल तर नुसती फाईल घ्या, आठशेत देते, तीनशे डीपीआयची (इंचाला तीनशे ठिपके) मागा, अन् यवतमाळ नाहीतर अमरावतीत फोटो लॅबवाल्याकडून मॅट कागदावर काढा, आधी छोटा टेस्ट प्रिंट मागून. पोळ्याच्या आठवड्यात ऑर्डर देऊ नका, तेव्हा तो बैलांची शिंगं रंगवण्यात असते, मेसेज पाहतच नाही.