पोस्टग्रेस आणि एप्रिलचा ‘ल’

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा मी खजिनदार. त्याआधी सगळी नोकरी एका बँकेच्या संगणक विभागात, ओरॅकल या डेटाबेसवर. तेव्हा तिथे टेबलातल्या कॉलमच्या नावाला 30 बाइटच मिळायचे (इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो), त्यामुळे नावं अशी आखडलेली की ठेवणाऱ्यालाच वर्षभराने कळू नयेत. निवृत्तीनंतर मेंटेनन्सचा हिशेब पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर आणला. एक तर फुकट, आणि कॉलमला देवनागरी नाव अवतरणचिन्हांशिवाय देता येतं. सभासदांचं टेबल एकदा ‘मालक’ आणि एकदा ‘सहमालक’ असा एलियस, म्हणजे तेवढ्यापुरतं दुसरं नाव, देऊन जोडलं, तर सेक्रेटरीबाईंनाही क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) वाचता आली. ऑफिसात आम्ही अ, ब, क असे एलियस द्यायचो, शाळेतल्या तुकड्यांसारखे.

आता एप्रिलची गोष्ट. पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा 63 बाइट. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, वेलांटी, पाय मोडणंसुद्धा वेगळं चिन्ह. मार्चच्या यादीत एलियस होता ‘थकीत_देखभाल_शुल्क_मार्च’. बरोबर 63, निभावलं. पुढच्या महिन्यात ‘थकीत_देखभाल_शुल्क_एप्रिल’. झाले 66, शेवटचा ‘ल’ गळाला. नोटीस आली होती, पण ती मी सोसायटीच्या बोर्डावरच्या नोटिशीसारखीच वाचली, म्हणजे वाचली नाही. क्वेरी बिनबोभाट चालली, कारण पोस्टग्रेस ते नाव जिथे येईल तिथे तसंच कापतं. पूर्ण नाव शोधणाऱ्या माझ्या पायथन प्रोग्रामला मात्र ‘एप्रिल’ सापडेना. रात्री साडेअकरापर्यंत मी बेरजा तपासत होतो!

क्वेरीतल्या व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी निवडायच्या अटीत, कॉलमचा एलियस लिहिला की ‘असा कॉलम नाही’ हे उत्तर ठरलेलं. व्हेअर आधी चालतं, सिलेक्टमधलं, म्हणजे दाखवायच्या कॉलमांच्या यादीतलं, नाव नंतर पडतं. बारशाआधी हाक मारून कोण ओ देणार? ऑर्डर बायला (क्रम लावायला) तो चालतो, पोस्टग्रेसमध्ये ग्रुप बायलाही (गट पाडायला), हॅविंगला (गटांवरच्या अटीला) नाही.

आणखी एक. शेजारच्या मुलाने एक्सेलमधून टेबल आणताना लहानमोठ्या इंग्रजी अक्षरांची नावं दुहेरी अवतरणांत घातली. अवतरण नसलं की पोस्टग्रेस सगळं लहान अक्षरांत नेतं, ओरॅकल मोठ्या. म्हणजे आता दर क्वेरीत ती अवतरणं लिहा. दोन दिवस लिहिली, मग नावंच बदलली.

पोस्टग्रेसला पाचपैकी चार तारे. एलियस आता नुसता ‘थकीत_एप्रिल’. सेक्रेटरीबाई विचारतात, “काका, देखभाल शुल्क कुठे गेलं?” ते मी छापताना मथळ्यात घालतो.