सरसकट मदत की तपासून? ब्रिटनचे दोन भत्ते

मावसबहीण लंडनमध्ये समाजधोरण शिकते. निबंधासाठी बाजू निवडायचीय: चाइल्ड बेनिफिटसारखी (मुलांमागे पालकांना मिळणारा सरकारी भत्ता) जवळपास सरसकट मदत बरी, की युनिव्हर्सल क्रेडिटसारखी (कमी कमाईवाल्यांना, बेरोजगारांना मिळणारा भत्ता) उत्पन्न तपासून दिलेली?

खर्चात दुसरी सरस, पैसा गरजूंकडेच जातो. चाइल्ड बेनिफिटलाही २०१३ पासून कात्री लागलीच. आता ती वर्षाला ६०,००० पौंडांपुढच्या कमाईला लागते. पण तीही एकेकट्याची कमाई बघून! घरात एकाच्याच ८०,००० पौंडांवर सगळा भत्ता जातो, दोघांचे प्रत्येकी ५९,००० असतील तर पूर्ण राहतो. याला तपासणी म्हणायचं?

कामाची ओढ टिकवण्यात क्रेडिट अडखळतं. ते आणणारे तेव्हाचे मंत्री इयन डंकन स्मिथ. 'काम केलं की फायदाच' ही त्यांची जाहिरात बाजूला ठेवा. कमाईतून हातात येणाऱ्या दर जादा पौंडामागे भत्त्यातून ५५ पेन्स कापले जातात. काहींनाच ठरावीक कमाईपर्यंत सूट. पहिला हप्ता यायला पाच आठवडे.

नोकरी गेली, भाडं थकलं, तर क्रेडिटशिवाय गत नाही. मुलांसाठी नियमित ठरलेली रक्कम हवी, कागदांची कटकट नको, तर चाइल्ड बेनिफिट.