न्यू जर्सीतल्या लॉनसाठी 24-0-10 खत, एप्रिलपासूनचा अनुभव

एप्रिलमध्ये बॅग आणली, आता ऑक्टोबर संपत आलाय, तेव्हा सविस्तर लिहितो. 24-0-10 म्हणजे नायट्रोजन 24 टक्के, फॉस्फरस शून्य, पोटॅश 10. राज्याच्या 2011 च्या कायद्याप्रमाणे लॉनला फॉस्फरस टाकता येत नाही, सॉइल टेस्टमध्ये कमी निघाला किंवा नवीन बी पेरताय तरच सूट. दुकानात मात्र स्टार्टरची, म्हणजे नवीन गवतासाठीच्या फॉस्फरसवाल्या खताची, बॅग अगदी शेजारी ठेवलेली आणि तिथला माणूस म्हणे हीच घ्या, मुळं धरतात. मी आधीच इथल्या रटगर्स विद्यापीठाच्या लॅबला माती पाठवली होती आणि फॉस्फरस भरपूर निघाला होता, त्यामुळे विषयच संपला.

पण नुसता मधला शून्य बघून बॅग उचलू नका हो! 46-0-0 युरियातही मधे शून्यच असतो. ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांचा हात युरियाकडे आपोआप जातो, पण इथे घरगुती लॉनच्या खतात एकूण नायट्रोजनपैकी निदान 20 टक्के स्लो रिलीज, म्हणजे हळूहळू सुटणारा, लागतो, साधा युरिया त्यात बसत नाही. बॅगच्या मागच्या चौकटीत अगदी खाली, चांदणी करून बारीक अक्षरात हा आकडा असतो. माझ्या बॅगवर 12 टक्के आहे, म्हणजे 24 मधला निम्मा, म्हणून हीच घेतली.

आता हिशोब. एका वेळी 1000 स्क्वेअर फुटाला जास्तीत जास्त 0.9 पाउंड नायट्रोजन चालतो, म्हणजे हे खत पावणेचार पाउंड. माझं लॉन 4000 चं, म्हणून 15 पाउंड. वर्षाची मर्यादा 3.2 पाउंड, त्यामुळे चार पूर्ण डोस बसतच नाहीत. मी मे, सप्टेंबर आणि ऑक्टोबरला दिलं, उन्हाळ्यात काही नाही. बॅगवरच्या सेटिंगच्या तक्त्यात माझा स्प्रेडरच (खत पसरवायची ढकलगाडी) नाही, ही खरी तक्रार, शेवटी वजनकाट्यावर खत मोजून, अर्ध्या सेटिंगवर आधी उभं आणि मग आडवं फिरवलं, तेव्हा कुठे सारखं पडलं.

रिझल्ट म्हणाल तर मस्त. मे-जूनमध्ये रंग गडद झाला पण गवत उगाच माजलं नाही, आठवड्यातून एकदा कापलं की बास. ऑगस्टमध्ये फुटपाथच्या कडेला पिवळं पडलं ते सप्टेंबरच्या पावसात परत आलं, त्यात खताचा वाटा किती ते सांगता येत नाही.

मागे ओढा आहे म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते अंतर. पाण्यापासून 25 फूट सोडायचे, स्प्रेडरला डिफ्लेक्टर (दाणे बाजूला उडू न देणारी पट्टी) असेल तर 10 चालतात. ड्राइव्हवेवर उडालेले दाणे झाडूने परत गवतात लोटायचेच, कारण स्टॉर्म ड्रेनचं, म्हणजे रस्त्याकडेच्या पावसाच्या गटाराचं, पाणी कुठेही शुद्ध न होता थेट ओढ्यात जातं. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या बार्नेगट बे या खाडीत शेवाळ माजलं ते असल्याच नायट्रोजनने, आणि तिथूनच हा कायदा आला. जोराचा पाऊस येणार असेल तर त्या दिवशी खताला हात लावू नका.

15 नोव्हेंबर ते 1 मार्च आपल्याला पूर्ण बंदी. लॉन सर्व्हिसवाल्यांना 1 डिसेंबरपर्यंत मुभा आहे, पण त्यांना राज्याचं सर्टिफिकेट लागतं, पैसे देण्याआधी ते मागून घ्या.