एका चेपलेल्या एलिमेंटचा जाच : स्पेक्ट्रल एलिमेंट सॉल्व्हरचा काही महिन्यांचा अनुभव

प्रवाहाची समीकरणे संगणकावर सोडवणारा, जागेचे लहान तुकडे (एलिमेंट) पाडून प्रत्येकात उत्तर बहुपदीने मांडणारा उच्च कोटीचा हा सॉल्व्हर मी काही महिने सातत्याने वापरत आहे आणि त्याच्या अचूकतेबद्दल माझी तक्रार नाही. प्रवाह सुरळीत असेल तर बहुपदीची कोटी वाढवताच चूक घातांकी वेगाने घटते, ही त्याची ख्याती खरी आहे. हे लिहायला बसलो ते, कोअर-तासांच्या (वाट्याला आलेल्या गणनेच्या वेळेच्या) कोट्याचा मोठा हिस्सा गिळून मध्येच उधळलेल्या, म्हणजे आकडे बेसुमार वाढून कोसळलेल्या, एका सिम्युलेशनमुळे. त्यामुळे टाइम स्टेपला, म्हणजे गणना काळात एका वेळी जेवढी पुढे सरकते त्या पावलाला, येथे तिच्या वाट्याहून जास्त जागा मिळणार आहे.

कोटी ७ ठेवली की एलिमेंटच्या प्रत्येक कडेवर आठ बिंदू येतात, पण ते समान अंतरावर नसतात. टोकाची फट कडेच्या लांबीच्या सुमारे ६.४ टक्के, तर मधली सुमारे २१ टक्के असते. सीएफएलच्या (एका टाइम स्टेपमध्ये प्रवाह दोन बिंदूंमधल्या फटीचा किती भाग ओलांडतो त्या गुणोत्तराच्या) हिशेबात अरुंद फट आणि तेथील वेगच भाव खाऊन जातात, त्यामुळे बाकीचा मेश (एलिमेंटची जाळी) कितीही नेटका असला तरी अडथळ्याच्या धारेजवळ, जिथे प्रवाह वेग घेतो, तिथला एकच चेपलेला एलिमेंट सगळ्यांची टाइम स्टेप ठरवतो. कोटी ११ केली की टोकाची फट २.८ टक्क्यांवर येते. तिन्ही दिशा मिळून बिंदू जवळजवळ चौपट आणि पावले दुपटीहून जास्त, म्हणजे खर्च किमान नऊपट! तेवढेच बिंदू कोटी ७ वरच एलिमेंट बारीक करून मिळवले, तर पावले साधारण दीडपटच वाढतात. हात आखडून खर्च करणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

सिम्युलेशन उधळले की टाइम स्टेप निम्मी करावी, असे माझे सुरुवातीचे मत होते. ते आता राहिलेले नाही. या वेळी सीएफएल ०.३ च्या आसपास होता, म्हणजे तिसऱ्या कोटीच्या कालयोजनेला (काळात पुढे सरकण्याच्या पद्धतीला) सहसा पाळली जाणारी ०.५ ची मर्यादा ओलांडलेली नव्हती. टाइम स्टेप निम्मी केल्यावर उधळणे टळले नाही, थोडे लांबले एवढेच. मग जिथे सिम्युलेशन उधळले त्या एलिमेंटमधील वेगाचे लजांद्र सहगुणक, म्हणजे चढत्या कोटीच्या प्रत्येक बहुपदीचा उत्तरातला वाटा, काढून पाहिले. ते शेवटाकडे झपाट्याने लहान व्हायला हवेत. येथे ते सपाट होते आणि शेवटचा तर वर उचललेला होता. म्हणजे दुखणे रिझोल्यूशनचे होते, तिथला बारकावा पकडायला बिंदू अपुरे होते. सर्वांत वरच्या कोटीचे घटक दाबणाऱ्या फिल्टरचा जोर वाढवला असता तर सिम्युलेशन तगले असते, पण लहान भोवऱ्यांची ऊर्जा त्यातच विरली असती. डी-एलियसिंगला (वेगांच्या गुणाकारातून येणारी खोटी भर टाळण्यासाठी तो जास्त बिंदूंवर काढण्याला) दिशेगणिक दीडपट बिंदू लागतात म्हणून ते बंद ठेवण्याची काटकसर मला मान्य नाही.

भिंतीजवळ मात्र बिंदूंची टोकाकडची हीच दाटी उपकारक ठरते. एलिमेंटची उंची १५ भिंत-एककांपर्यंत (भिंतीवरच्या घर्षणावरून ठरणारे लांबीचे सूक्ष्म एकक) ठेवली तरी पहिला बिंदू एका एककाच्या आतच पडतो. आणखी एक सुखद बाब अशी की, टाइम स्टेप निम्मी केल्याने खर्च नेमका दुप्पट होत नाही, कारण मागील पावलांवरून दाबाचा प्रारंभिक अंदाज अधिक चांगला मिळतो आणि दाब काढण्याच्या पुनरावृत्त्या कमी लागतात.

राग एकाच गोष्टीचा उरला आहे. लॉगमध्ये कमाल सीएफएल छापला जातो, पण तो कोणत्या एलिमेंटचा आहे हे कळत नाही. त्यासाठी स्वतंत्र स्क्रिप्ट लिहावी लागली, आणि तिच्यातून दिसले की टाइम स्टेप अडवणारा एलिमेंट धारेजवळचा आहे, तर उधळणारा बराच मागे, अडथळ्यामागच्या भोवऱ्यांच्या पट्ट्यात आहे. तो पट्टा आता बारीक केला आहे आणि धारेजवळचा एलिमेंट थोडा रुंद केला आहे. टाइम स्टेप पूर्वीपेक्षा मोठी असूनही सिम्युलेशन चालू आहे.