चवथीचा चंद्र: देखाव्यात अपोलो 11 की अपोलो 17?

आमच्या वाड्यावरच्या पोरांचं यंदा ठरलंय: गणपतीसमोर चंद्र. (चवथीला चंद्र बघू नये म्हणून आजी कुरकुरली. पण बाप्पाच समोर बसणार म्हटल्यावर तिने सूट दिली.) वाद उरलाय तो एवढाच: माणूस चंद्रावर उतरला ती आर्मस्ट्राँगची पहिली मोहीम (अपोलो 11) करायची की सर्ननची शेवटची (अपोलो 17)? गोव्यातल्या माशेलचे गणपतीचे देखावे बघत जे वाढले त्यांना हा वाद क्षुल्लक वाटणार नाही.

ओळखीचं म्हणाल तर अपोलो 11. 20 जुलै 1969, चंद्रावरचं पहिलं पाऊल. बघणाऱ्याला पाटीसुद्धा वाचावी लागत नाही. कामही आटोपशीर, कारण आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन हे दोघे यानाबाहेर होते जेमतेम अडीच तास, आणि त्यांची सगळी पावलं एका फुटबॉल मैदानात मावतील. एक यान, दोन माणसं, एक झेंडा. यानाच्या पायांचा फैलाव मात्र नऊ मीटरहून जास्त होता, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याचं केलं तरी दहा फूट जागा गेली.

फोटो बघून पुतळे करताना मात्र सावध राहा. कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगच्या हातात होता, त्यामुळे गाजलेल्या फोटोंतला माणूस ऑल्ड्रिन आहे. दोघांचे पोशाखही सारखेच, फरक कळायला खूण नाही. अपोलो 17 च्या वेळी ही अडचण नव्हती. कमांडरच्या, म्हणजे सर्ननच्या, हातापायांवर नि शिरस्त्राणावर लाल पट्टे असत.

आता ती शेवटची मोहीम. डिसेंबर 1972, टॉरस-लिट्रो दरी, दोन्ही बाजूंना डोंगर. सर्नन आणि श्मिट तीन दिवस राहिले, तीन फेऱ्यांत मिळून 22 तास बाहेर होते, आणि गाडीतून सुमारे 35 किलोमीटर फिरले. म्हणजे साधारण पणजी ते मडगाव. अपोलो 11 ने साडेएकवीस किलो दगडमाती आणली होती, यांनी 110 किलो. श्मिट तर मुळातच भूवैज्ञानिक. चंद्रावर उतरलेला तसा तो एकटाच.

त्याला एका विवराच्या काठावर नारिंगी माती दिसली आणि तो हरखला. आपल्या चिऱ्यांच्या मुलखात तांबडी-नारिंगी माती ही काय बातमी? पण आपला रंग लोखंडाच्या गंजाचा, आणि तिथे ना हवा ना पाऊस. पृथ्वीवर आणून तपासल्यावर कळलं, ते काचेचे बारीक मणी होते. साडेतीन अब्ज वर्षांहून आधी ज्वालामुखीच्या कारंज्यातून उडालेले. चंद्राची माती म्हणून पसरलेल्या खडी-क्रशरच्या करड्या पावडरीत हा एक पट्टा ओढलात तर लोक तिथेच थांबतील.

आणि मडगार्ड! सर्ननच्या हातोडीचा धक्का लागून गाडीचं मागचं मडगार्ड तुटलं, तशी चाकाची धूळ दोघांवर उडू लागली. पावसाळ्यात बिनमडगार्डच्या मोटरसायकलमागे बसलेल्याला वेगळं सांगायला नको. त्यांनी नकाशे एकमेकांना टेपने चिकटवले, चिमट्यांनी जागी बसवले आणि पुढे निघाले. चाकं तारेच्या जाळीची होती. आपल्याकडे कोंबड्यांची जाळी चालेल.

प्रकाशाचा नियम दोन्हीकडे एकच. दिवा एका बाजूने आणि कमी उंचीवरून, सावल्या लांब नि काळ्याकुट्ट. आकाश काळं. चांदण्या चिकटवू नका, त्या फोटोंत नाहीतच.

मंडप लहान आणि हात कमी असतील तर निमूट अपोलो 11 करा. वीसेक फूट जागा आणि रात्री जागणारी चार-पाच पोरं असतील तर माझं मत 17 ला. "आर्मस्ट्राँग खंय आसा?" असं प्रत्येक दुसरा माणूस विचारणार, त्याची तयारी ठेवा. मडगार्डासाठी गोव्याचा एक जुना, घडीवर फाटलेला नकाशा माझ्याकडे पडून आहे, तो न्या.