राजारामपुरीतली सर्व्हर सांभाळायची सर्व्हिस, ८ महिने वापरून लिहितोय (५ पैकी ४ स्टार)

आमची मंगळवार पेठेत फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांची छपाई आहे. गिऱ्हाईक डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, तिथं फोटो दाबला जातो आणि दहा बाय वीसच्या बॅनरवर पार फुटतो, म्हणून वेबसाइटवर फाइल टाकायचा फॉर्म करून घेतला. जुन्या होस्टिंगवर २ एमबीच्या वर काही जायचंच नाही आणि विचारलं की मोठा प्लॅन घ्या एवढंच उत्तर. शेवटी व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा स्वतंत्र व्हर्च्युअल सर्व्हर घेतला आणि तो ह्यांच्याकडं सांभाळायला दिला.

गणपतीच्या तोंडावर एका तालमीच्या मंडळाची ६४ एमबीची पीडीएफ आली आणि स्क्रीनवर ४१३, रिक्वेस्ट एन्टिटी टू लार्ज, म्हणजे पाठवलेलं फार मोठं आहे असा एरर. मी आधी स्वतःच पीएचपी डॉट आयएनआय मध्ये (साइट ज्या पीएचपी भाषेवर चालते तिची सेटिंगची फाइल) मर्यादा १०० एमबी करून बघितली होती, कमांड लाइनवर १०० दाखवत पण होतं, पण साइटवर फरक शून्य. रात्री साडेनऊला ह्यांना फोन लावला.

त्यांच्याकडच्या पोरानं लिमिट तर वाढवलंच, पण अडतंय कुठं ते आधी दाखवलं, म्हणून हा रिव्ह्यू लिहायला बसलोय. म्हणाला दादा, ४१३ पीएचपीचा नाहीच, तो त्याच्या पुढं बसलेल्या एनजिनएक्स ह्या वेब सर्व्हरचा आहे, त्याचं क्लायंट मॅक्स बॉडी साइज, म्हणजे एका रिक्वेस्टची मर्यादा, आपण सांगितलं नाही तर १ एमबीच असतं. ते वाढवल्यावर ४१३ गेला, तर नवीनच प्रकार! फॉर्म म्हणतोय "नाव भरा", आणि नाव तर मी समोर टाइप केलेलं. तेव्हा कळलं की पीएचपीचं पोस्ट मॅक्स साइज, म्हणजे अख्ख्या फॉर्मची मर्यादा, ८ एमबीवर होतं, आणि त्याच्या वर गेलं की पीएचपी फाइलच काय, फॉर्ममधलं सगळंच टाकून देतं, नावसुद्धा. आणि मी बदललेली फाइल सीएलआयची, म्हणजे कमांड लाइनच्या पीएचपीची होती, साइट चालते एफपीएमवर (वेबसाइटसाठी पीएचपी चालवणारा प्रोग्राम), त्याची आयएनआय वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि ती बदलली की एफपीएम परत चालू करावं लागतं.

शेवटी अपलोड मॅक्स फाइलसाइज (एका फाइलची मर्यादा) १०० एमबी, पोस्ट मॅक्स साइज ११०, एनजिनएक्सला ११२ असं चढतं ठेवलं, कारण फाइलसोबत नाव-नंबर पण त्याच रिक्वेस्टमध्ये जातात. आधी सेटिंग तपासणारी एनजिनएक्स -टी ही कमांड मारून चूक नाही ना बघितलं, मगच रीलोड. मी म्हटलं शून्य टाकून मर्यादाच काढून टाक की, तर त्यानं सरळ नाही म्हटलं आणि ते मला लई आवडलं. मोठी फाइल एनजिनएक्स आधी आपल्या टेम्पमध्ये (तात्पुरत्या फोल्डरमध्ये) उतरवतं, मग पीएचपी आपल्या टेम्पमध्ये, म्हणजे डिस्कवर जागा दुप्पट लागते, उद्या कुणी पाच जीबी ढकलले तर सगळी साइट बसेल. म्हणून मोठी मर्यादा फक्त अपलोडच्या पानाला, बाकी साइट १ एमबीवरच. पुढं कधी साइटच्या पुढं क्लाउडफ्लेअर ह्या सर्व्हिसचा फुकट प्लॅन लावलात तर तिथं १०० एमबीच्या वर जाणार नाही हे पण आधीच सांगून ठेवलं.

गगनबावड्याकडच्या एका गिऱ्हाईकाला रेंजच नसते, त्याची फाइल चढायला दहा मिनिटं लागतात, मला वाटलं वेळ संपून हा मध्येच तुटणार. पण एनजिनएक्स वाट बघतं ते ६० सेकंद दोन तुकड्यांच्या मधले, अख्ख्या अपलोडचे नाहीत. त्याची पण फाइल आली. पावणेअकराला मंडळाचा फ्लेक्स मशीनवर होता, नाद खुळा काम.

एक स्टार कापला तो एवढ्यासाठी की सर्व्हर लावून देतानाच केवढ्या फाइली येणार हे विचारायला पाहिजे होतं, छपाईवाला आहे म्हटल्यावर तर नक्कीच. आणि रविवारी दुपारनंतर फोन उचलत नाहीत, लग्नसराईत आम्हाला रविवारच मोठा असतो, तेवढं बघा.